रुग्णशय्येपाशींचा पुरावा

१८८६ सालीं कोल्हापूर दरबारानें येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. दुर्दैवानें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. पुढें शेजारीं मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ मध्यें रुग्णालय उघडलें व १८९७ मध्यें परिचारिकांची शाळा काढली. डॉक्टरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु रुग्णाची रात्र ज्यांच्या हातीं असते, त्यांना कोणी व कसें शिकविलें, हें क्वचितच विचारतों.

हें शिक्षण मुख्यतः एका हातून दुसऱ्या हातीं आलें. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधींतून शाळा निघाली. तेथें शिकाऊ मुलगी वॉर्डच्या सिस्टरच्या नजरेखालीं काम करीत शिके. पद्धत उत्तम, पण सिस्टरची चूकही तितक्याच निष्ठेनें पुढच्या पिढीकडे जाई. वास्तविक नाइटिंगेलबाई आंकड्यांवांचून बोलत नसत. हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेंत दरसाल हजारीं ६९ शिपाई मरतात, हें १८६३ च्या शाही आयोगानें दाखविलें, त्यामागें त्यांचे परिश्रम होते. शाळांनीं त्यांची शिस्त उचलली. मोजण्याची संवय मात्र मागें राहिली.

एकच उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेपूर्वीं वस्तऱ्यानें केस काढणें ही स्वच्छतेची पराकाष्ठा मानली जाई. १९७१ मध्यें अमेरिकेंतील दोघा संशोधकांनीं जखमा मोजल्या. वस्तरा फिरविलेल्यांत शेंकडा ५.६ जखमा चिघळल्या. केस न काढलेल्या किंवा औषधानें काढलेल्या रुग्णांत शेंकडा ०.६. वस्तऱ्याच्या सूक्ष्म ओरखड्यांत जंतूंना आयतें घर मिळतें. तरीही वस्तरा वॉर्डांतून लवकर हलला नाहीं!

१९९० नंतर ‘पुराव्याधिष्ठित वैद्यक’ हें नांव कानडांतून सर्वत्र पसरलें, आणि परिचर्येनेंही तें स्वीकारलें. पण वर्गांत नवें ऐकून आलेल्या मुलीला वॉर्डमध्यें “इथें असंच करतात” हें उत्तर मिळालें, तर तिचें पुस्तक तेथेंच मिटतें. म्हणून आधीं शिकवावें तें शिकविणाऱ्या सिस्टरला: प्रश्न नेमका मांडणें, संशोधन शोधणें, किती रुग्ण पाहिले व कोणाशीं ताडले हें विचारणें. तिचा अनुभव येथें टाकाऊ नव्हे. पहिली शंका बहुधा तिलाच येते. ती शंका मोजून पाहण्यास एक साधी वही पुरते. कोणत्या रुग्णाची जखम कशी भरली, तें महिनाभर तींत टिपावें, आणि बदल करून पुन्हां महिनाभर टिपावें.