बियाफ्राची एक पौंडाची नोट

माझ्या संग्रहात बियाफ्राची एक पौंडाची नोट आहे. ताडाचं झाड, मागे उगवता सूर्य. अजून करकरीत. दुकानदाराने ती मला जवळजवळ चिल्लरीच्या भावात दिली, वर म्हणाला, "हा देशच नाही राहिला."

1966 मध्ये उत्तर नायजेरियात मूळच्या पूर्वेकडच्या इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या. 30 मे 1967 रोजी पूर्वेकडच्या प्रांताचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी तो प्रांत बियाफ्रा या नावाने स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि पुढे नायजेरियाशी युद्ध पेटलं. जानेवारी 1968 मध्ये नायजेरियाने चलन बदललं आणि बियाफ्राकडच्या जुन्या नोटांची रद्दी होण्याची वेळ आली. (नोटाबंदी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.) तेव्हा ही नोट आली.

बियाफ्राला मान्यता देणारे देश किती? टांझानिया, गॅबन, आयव्हरी कोस्ट, झांबिया आणि हैती. बस. फ्रान्सने छुपी मदत केली, पण मान्यता दिली नाही. मला हा निव्वळ दुटप्पीपणा वाटतो. ब्रिटनची शस्त्रं तर नायजेरियाकडेच जात होती. उली गावाजवळच्या रस्त्याची धावपट्टी झाली होती. तिथे रात्रीच्या अंधारात अन्नाची विमानं उतरत. तरीही मुलं उपासमारीने मेली.

जानेवारी 1970 मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली. युद्धानंतर बँकेत कितीही ठेव असो, बियाफ्रातल्या खातेदाराच्या हाती सरसकट वीस पौंड ठेवले गेले.