कार्बन डायऑक्साइडचा सेल: धातू नंतर, आधी भांडं बघा

कार्बन डायऑक्साइडच्या विद्युत-रासायनिक रूपांतरावरचा कुठलाही रिव्ह्यू पेपर उघडा. इतिहासाच्या परिच्छेदात धातूंची नावं ओळीने येतात. सोनं-चांदीवर कार्बन मोनॉक्साइड, कथिल-शिशावर फॉर्मेट, तांब्यावर मिथेन आणि इथिलीन. वाचणाऱ्याला वाटतं, हा सगळा इतिहास म्हणजे योग्य धातूचा शोध. रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेले निम्मे विद्यार्थी मग 'नवा कॅटॅलिस्ट बनवणार' असंच लिहितात.

माझं म्हणणं असं की हा इतिहास निदान तितकाच भांड्याचाही आहे. भांडं म्हणजे सेल: वायू कुठून येतो, द्रव किती आहे, मधे पडदा कुठला आहे, तयार झालेला माल कुठून बाहेर पडतो. आपण ज्याला धातूचा गुण म्हणतो, तो कित्येकदा भांड्याचा गुण निघतो.

आधी एक छोटं गणित, वहीत करून बघा. २५ अंश सेल्सिअसला आणि साध्या वातावरणीय दाबाला एक लिटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो साधारण ३३ मिलिमोल. म्हणजे फारच थोडा. इलेक्ट्रोडला चिकटून पाण्याचा एक स्थिर थर असतो, तो ०.१ मिलिमीटर जाड धरा. रेणूंना तो थर डिफ्युजनने, म्हणजे रांगत रांगत, पार करावा लागतो. डिफ्युजन गुणांक आणि फॅराडेचा स्थिरांक घालून, रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरले, की उत्तर येतं दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १२ मिलिअँपिअर. धातू कितीही हुशार असला तरी माल याच वेगाने येणार. त्याहून जास्त करंट रेटला तर तो पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जातो. उद्योगाला मात्र निदान २०० तरी हवेत.

हा अडथळा जुन्या लोकांना ठाऊक होता. १८७० मध्ये फ्रान्समध्ये रॉयर यांनी कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या साहाय्याने फॉर्मिक आम्ल मिळाल्याचं कळवलं. १९१४ मध्ये फ्रान्झ फिशर (पुढे फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेमुळे ज्यांचं नाव झालं तेच) आणि प्रिझिआ यांनी वायू दाबाखाली विरघळवून हाच प्रयोग केला. युक्ती सरळ होती: दाब वाढवला की विरघळलेला वायू वाढतो. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी धातूइतकाच विचार भांड्याचा करत होतं.

मग १९८५ येतं, आणि जपानच्या चिबा विद्यापीठातले योशिओ होरी. तांब्यावर मिथेन मिळतो हा त्यांचा शोध सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची हिशेबाची शिस्त. आधीच्या बऱ्याच कामांत दिलेली वीज आणि मिळालेला माल यांचा ताळा लागत नसे. होरींनी प्रत्येक धातूसाठी सगळे पदार्थ मोजले आणि कुठल्या पदार्थाकडे किती टक्के वीज गेली, म्हणजे फॅराडे कार्यक्षमता, त्याची बेरीज मांडली. १९९४ च्या त्यांच्या प्रसिद्ध तक्त्यात तांब्याची ओळ बघा: मिथेन ३३.३, इथिलीन २५.५, हायड्रोजन २०.५, आणि बाकीचे पदार्थ धरून बेरीज १०३.५. ही बेरीज त्यांनी कापून १०० केली नाही, हे मला फार आवडतं.

पण त्या तक्त्यातली अजून एक गोष्ट नजरेतून सुटते. जवळपास सगळे आकडे दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिअँपिअरवर घेतलेत. आपलं १२ आठवा. विरघळलेल्या वायूच्या मर्यादेच्या आत राहूनच धातूंची तुलना होऊ शकत होती. तक्ता धातूंचा आहे, पण त्याची चौकट भांड्याने आखलेली आहे.

त्याच काळात आणखी एक घोळ चालू होता. काही प्रयोगशाळांना तांब्यावर मिथेन-इथिलीन मिळायचे आणि थोड्या वेळात बंद व्हायचे. धातू 'मरतो' असं अनेकांनी लिहिलं. होरींच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की बिचाऱ्या तांब्याचा दोष नाही. रसायनांबरोबर अगदी अल्प प्रमाणात आलेले लोह, जस्त यांसारखे धातू कॅथोडवर बसतात आणि तांब्याचा पृष्ठभाग झाकून टाकतात. प्रयोगाआधी वेगळा इलेक्ट्रोड घालून द्रावण विजेनेच साफ केलं, की तांबं बराच वेळ टिकतं. म्हणजे जो गुणधर्म धातूचा म्हणून छापला गेला, तो द्रावणातल्या मळाचा होता.

२०१२ चं स्टॅनफर्डमधलं काम याच वळणाचं आहे. थॉमस जारामिलो यांच्या गटाने तांब्यावर एकूण १६ पदार्थ सापडल्याचं लिहिलं, त्यातले ५ याआधी कोणी नोंदवले नव्हते. तांबं नवीन नव्हतं. त्यांनी सेल असा बनवला की इलेक्ट्रोड मोठा आणि द्रावण अगदी कमी. थोड्या पाण्यात माल साठत गेला, की एरवी इतका पातळ असतो की दिसत नाही तो पदार्थ एनएमआरमध्ये दिसू लागतो.

आता ते १२ मिलिअँपिअरचं कुंपण. ते ओलांडायची वाट इंधन-सेलवाल्यांकडे केव्हाची तयार होती. १८४२ मध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी आपल्या वायू-बॅटरीबद्दल लिहिताना ओळखलं होतं की वायू, द्रव आणि प्लॅटिनम जिथे एकत्र भेटतात तिथेच काम होतं. १९२३ मध्ये श्मिड यांनी त्यासाठी सच्छिद्र गॅस डिफ्युजन इलेक्ट्रोड मांडला: एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला द्रव, मधे पातळ कॅटॅलिस्ट. वायूला सगळी वाट पाण्यातून रांगावी लागत नाही. तो कोरड्या छिद्रांतून थेट येतो आणि पाण्यातला प्रवास मायक्रोमीटरच्याही खाली उतरतो. १९९० मध्ये अमेरिकेत कुक, मॅकडफ आणि सॅमेल्स यांनी असा इलेक्ट्रोड तांब्यासह वापरला आणि शेकड्यांत मिलिअँपिअर करंट दाखवला. तरी पुढची वीसेक वर्षं बहुतेक प्रयोगशाळा दोन कप्प्यांच्या साध्या काचेच्या एच-सेलमध्येच राहिल्या. माझा अंदाज, एच-सेल स्वस्त आणि ओळखीचा होता. पण परिणाम असा की विरघळलेल्या वायूवर घासून-पुसून निवडलेले कॅटॅलिस्ट नव्या सेलमध्ये गेले तेव्हा वेगळेच वागले, कारण पृष्ठभागाजवळचा पीएच आणि वायूचा पुरवठा दोन्ही बदलले होते. म्हणून दोन पेपरमधले आकडे शेजारी ठेवण्याआधी सेलचं चित्र शोधा. ते बऱ्याचदा पुरवणीत लपलेलं असतं.

नव्या सेलने नवी दुखणी आणली. कार्बनच्या कागदातून द्रव झिरपतो आणि छिद्रं बुडतात. २०१८ मध्ये टोरंटोच्या टेड सार्जंट यांच्या गटाने टेफ्लॉनचा आधार वापरून तीव्र अल्कलीत इथिलीनची ७० टक्के फॅराडे कार्यक्षमता दाखवली आणि सेल १५० तास चालवला. आकडा झकास, पण अल्कली कार्बन डायऑक्साइडला गिळते, त्याचा कार्बोनेट होतो. द्रावणात अल्कली मुद्दाम घातली नाही तरी सुटका नाही, कारण ही अभिक्रिया स्वतःच हायड्रॉक्साइड तयार करते. मोजा: कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू बनला की दोन हायड्रॉक्साइड सुटतात आणि ते आणखी एक कार्बन डायऑक्साइड खातात. म्हणजे आत पाठवलेल्या वायूचा फार तर ५० टक्के वापर. इथिलीनला बारा इलेक्ट्रॉन लागतात, बारा हायड्रॉक्साइड सुटतात, सहा रेणू वाया जातात. दोन कामाला, सहा कार्बोनेटला. कमाल मर्यादा २५ टक्के! शिवाय त्या कार्बोनेटमधून वायू परत मिळवायला वेगळी ऊर्जा. ही मर्यादाही धातूची नाही, द्रावण आणि पडद्याची आहे. फॅराडे कार्यक्षमतेत ती दिसतच नाही, कारण तिथे हिशेब विजेचा असतो, कार्बनचा नाही.

२०२१ मध्ये सार्जंट यांच्याच गटाने उलट टोक गाठलं आणि एकपेक्षा कमी पीएचच्या आम्लात तांबं चालवलं. आम्लात सगळा हायड्रोजनच निघणार, अशी रास्त भीती होती. पोटॅशियमचे आयन तांब्याजवळ दाट जमवून आणि करंट दर चौरस सेंटिमीटरला १.२ अँपिअरपर्यंत चढवून त्यांनी ती टाळली. पृष्ठभागाजवळ बनलेला कार्बोनेट आम्लात पुन्हा वायू होऊन परततो. एका फेरीत ७७ टक्के कार्बन डायऑक्साइड वापरला गेला. २५ ची मर्यादा तर मोडली. पण त्यासाठी पूर्ण सेलला ४.२ व्होल्ट द्यावे लागले, आणि इथिलीनसाठी सिद्धांताप्रमाणे १.१५ व्होल्ट पुरतात. मधल्या तीन व्होल्टमध्ये किती ॲनोडचे, किती पडद्याचे, किती द्रावणाच्या रोधाचे, आणि किती खरोखर तांब्याचे, हे वेगळं काढायचं काम कोणीतरी अंगावर घ्यायला हवं.