न मोजलेले आजारी

साथीचा इतिहास म्हटलं की आपण आधी मृतांचा आकडा बघतो. पण साथीमुळे जे दवाखान्यात गेलेच नाहीत, त्यांना कुठे मोजायचं?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोकांना प्लेगइतकीच धास्ती होती इस्पितळाची. २९ ऑक्टोबरला हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले! १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरात घुसून तपासण्या, सक्तीने इस्पितळात रवानगी.. लोक आजारी माणसं लपवू लागले. साधा ताप आला तरी सांगायची चोरी.

तोच कायदा २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा वापरला गेला. २०१९ साली देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. क्षय काही पळाला नव्हता. टाळेबंदी आणि भीतीमुळे तपासणी राहून गेली होती. मनाच्या आजारांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वर्षीच्या १३० देशांच्या पाहणीत ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्यसेवा विस्कळीत किंवा बंद होत्या.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. लॉगमध्ये एरर नाही म्हणजे सगळं आलबेल, असं नसतं. कधीकधी रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नसते.