न उडालेला बलून



१३ सप्टेंबर २०२५ ला आपल्याच राज्यात, मंदसौर जिल्ह्यातल्या गांधीसागरला, मुख्यमंत्री हॉट एअर बलूनच्या टोपलीत चढले, पण वारा वाढला आणि बलून काही उडाला नाही. खालच्या लोकांनी टोपली धरून ठेवली. तो व्हिडिओ आपल्या बुऱ्हाणपूरच्या ग्रुपवरही फिरला, दोन दिवस थट्टा चालली. मला काही हसू आलं नाही. असाच एक न उडालेला बलून माझ्याही खात्यावर बाकी आहे.

मी कॉमर्सवाला, विज्ञानाशी संबंध मॅट्रिकपर्यंतच. पण निवृत्तीनंतर या विषयाचं बरंच वाचलं. का वाचलं ते पुढे येईलच.

माणूस पहिल्यांदा मोकळा आकाशात गेला तो २१ नोव्हेंबर १७८३ रोजी, पॅरिसमध्ये. फुगा मॉन्गोल्फिए बंधूंचा, कागद आणि कापडाचा, खाली शेकोटी. त्यात दोघे होते, पैकी एक पिलात्र द रोझिए. (त्या काळी आपलं बुऱ्हाणपूर महादजी शिंद्यांकडे होतं.) दीड वर्षाने या रोझिएने फ्रान्समधून समुद्र ओलांडून इंग्लंडला जायचं ठरवलं. वारा अनुकूल मिळेना, म्हणून गडी किनाऱ्यावर काही महिने थांबला. लोक हसायला लागले, पैसा देणारे तगादा लावायला लागले. शेवटी १५ जून १७८५ ला तो आणि त्याचा एक साथीदार वर गेले. थोडं अंतर गेल्यावर वारा फिरला आणि त्यांना परत फ्रान्सच्या किनाऱ्याकडे घेऊन आला. मग वरच्या फुग्याने पेट घेतला की तो फाटला, यावर अजून वाद आहेत. दोघेही खाली कोसळून गेले. जो पहिला उडाला, तोच विमानविद्येचा पहिला बळी. इतके महिने वाट पाहिली आणि तरी वारा ऐन वेळी बदलला, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

बलूनला सुकाणू नसतं. वर जायचं, खाली यायचं, एवढंच चालकाच्या हातात. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो, त्यातला सोयीचा थर शोधून त्यात जाऊन बसायचं, हीच दिशा बदलायची रीत. आणि आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जितकी जास्त गरम तितकं उचलायचं बळ जास्त. म्हणून थंडीतली पहाट. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४४ अंशांत बलून उचलेल तरी किती! शिवाय ऊन चढलं की जमीन तापते, तापलेली हवा खांबासारखी वर चढते. असीरगडावर दहा-अकराच्या सुमाराला घारी पंख न हलवता गोल गोल वर जातात ना, त्या याच हवेवर. घारीला ती चांगली, बलूनला नाही. बलून भलतीकडे उचलला जातो नाहीतर आपटतो.

आपल्या लोकांनी यात काही केलं की नाही? केलं. २६ नोव्हेंबर २००५ ला विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून सकाळी बलूनने निघाले आणि २१,०२७ मीटरवर पोहोचले. आधीचा विक्रम पेर लिंडस्ट्रँड यांचा, १९८८ सालचा, १९,८११ मीटरचा. सिंघानियांचं वय तेव्हा ६७. मी त्या वेळी नोकरीत होतो, शाखेत चहाच्या वेळेला पेपर या टेबलावरून त्या टेबलावर फिरला होता. उतरले कुठे, तर सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावाजवळ. मुंबईहून ईशान्येला. वाऱ्याने नेलं तिकडे.

घरी पेपर वाचून माझी पत्नी म्हणाली, "अहो, आपल्याला पण बसता येईल का हो असं?" तिचं माहेर रावेरचं. तोवर विमानातही बसलेली नव्हती. मी म्हटलं, निवृत्त झालो की बघू.

जानेवारी २०१४ मध्ये मुलीने पुण्याहून कामशेतच्या बाजूला दोघांचं बुकिंग केलं. पहाटे चारला उठलो. ही स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर, अशी तयार. मैदानावर पोहोचलो तर पान हलत नव्हतं. चालकाने एक छोटा काळा फुगा सोडला आणि मान वर करून बघत राहिला. फुगा सरळ गेला, सरळ गेला आणि एका उंचीवर एकदम डोंगराकडे वळून पळाला. पाच मिनिटांनी त्याने दुसरा सोडला. तोही तसाच. त्याने उड्डाण रद्द केलं.

मी भांडलो. चक्क ओरडलो. आभाळ स्वच्छ, वारा शून्य, पैसे आगाऊ घेतलेले आणि हे काय चाललंय? तो पोरगा शांतपणे म्हणाला, "काकाजी, नीचे की हवा और है, ऊपर की और. चढ़ा तो दूँगा, उतारूँगा कहाँ?" आमची ही माझा हात धरून नुसती उभी होती.

खरं तर मला कळायला हवं होतं. शेतीकर्ज बघत असताना एका जूनमध्ये दुपारी मी बहादरपूरकडच्या एका केळीच्या बागेत पाहणीला गेलो होतो. हवा अगदी बंद, घामाने शर्ट चिकटलेला. शेतकरी म्हणाला, "साहेब, आता निघा, हे बरं नाही." मी हसलो. अर्ध्या तासात वादळ आलं. निसवलेली, घडं लागलेली झाडं पंधरा-वीस मिनिटांत आडवी. कर्जाच्या फाइलवर "पीक उत्तम" असं मी सकाळीच लिहून ठेवलं होतं.

२३ ऑगस्ट २०१२ ला स्लोव्हेनियात, ल्युब्लियानाजवळ, बत्तीस माणसं घेऊन गेलेला बलून असाच अचानक आलेल्या वादळात सापडला. सहा माणसं गेली. हे मला कामशेतहून आल्यावर वाचनात आलं. तोवर माझा त्या पोरावरचा राग गेला नव्हता.

आम्हाला पैशांऐवजी दुसऱ्या तारखेची पावती मिळाली होती. पुढच्या हिवाळ्यात हिचे गुडघे दुखायला लागले, टोपलीत चढायचं म्हणजे कठडा ओलांडायचा. त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टर, तपासण्या. २०१७ मध्ये ती गेली. कामशेतहून परतताना गाडीत तिने एवढंच म्हटलं होतं, "तुम्ही त्याच्यावर उगाच ओरडलात. त्याने आपल्याला न्यायचं ठरवलं असतं तर पैसे त्यालाच मिळाले असते ना?" चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हा हिशेब तिने सांगावा!

पावती अजून माझ्या पासबुकाच्या कव्हरमध्ये आहे. मुदत संपलेली.

बहादरपूर, शाहपूरकडच्या कोणाकडे त्या काळातल्या केळीच्या वादळांचे जुने फोटो असतील तर कृपया खाली टाका.