पाणी धरणारा सांधा : मत्स्यालयाच्या इतिहासाची एक बाजू

आज आपल्याला मत्स्यालयाबद्दल बोलायचं आहे, पण माशांबद्दल फारसं नाही आणि काचेबद्दलही बेताचंच. दोन काचा जिथे एकमेकींना भेटतात त्या कोपऱ्याकडे आपण बघणार आहोत. सुतार त्याला सांधा म्हणतो, आपणही तोच शब्द वापरू. मत्स्यालयांवरच्या पुस्तकांत प्रवाळ असतात, रंगीत मासे असतात, मोठमोठी दालनं असतात. सांध्याच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. आमचं म्हणणं असं की पाणी किती उंच उभं करता येईल, हे प्रत्येक काळात सांध्यानेच ठरवलं. आणि ते गळायला लागलं तर दुरुस्त कोण करणार, हेही त्यानेच ठरवलं.

आधी एक लहानसं गणित करू. घरात असते तशी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच टाकी घ्या. काठोकाठ भरली तर साधारण १८२ लिटर पाणी. समोरच्या काचेवर त्या पाण्याचा रेटा येतो सुमारे ९१ किलोचा. म्हणजे एक भरभक्कम माणूस त्या काचेला रात्रंदिवस आतून ढकलतो आहे असं समजा. आता टाकीची उंची दुप्पट केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. लांबी-रुंदी वाढवलेली चालते, उंची महागात पडते. हे डोक्यात असू द्या, शेवटी लागणार आहे.

समुद्रातले जीव काचेच्या पेटीत ठेवून त्यांचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या संशोधकांत झान व्हिलप्रो-पॉवर यांचं नाव घेतात. सिसिलीत मेसिनाला राहणाऱ्या या बाईंनी १८३२ च्या सुमारास आर्गोनॉट नावाच्या, ऑक्टोपसच्या जातकुळीतल्या प्राण्यासाठी काचेच्या पेट्या करवून घेतल्या. हा प्राणी आपला शंख स्वतः घडवतो की दुसऱ्याचा बळकावतो, हा त्यांचा प्रश्न होता. तो स्वतः घडवतो हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे १८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आपला प्रयोग मांडला : दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी. तिघांचं एकमेकांवर भागतं, सारखं पाणी बदलावं लागत नाही. १८५३ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडात घरोघरी पेट्या आल्या. ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्याचाही यात हात आहे. काच स्वस्त झाली नसती तर ही हौस श्रीमंतांपुरतीच राहिली असती.

पण त्या काचा जोडायच्या कशाने? तर लांबीने. खिडकीच्या तावदानाला भरतात तीच लांबी : खडूची पूड आणि जवसाचं तेल. टाकी ओलसर जागी टिकावी म्हणून त्यात सफेदा किंवा शेंदूर घालायचे, आणि ही दोन्ही शिशाची संयुगं. तळाला पाटीच्या दगडाची लादी, कोपऱ्यांत लोखंडी चौकट, चौकटीच्या खाचेत लांबी, लांबीवर काच. इथे काच चिकटलेली नसते. चौकट तिला धरून ठेवते, लांबी फक्त फटी बुजवते. खारं पाणी लोखंड खातं, शिसं हळूहळू पाण्यात उतरतं आणि मासे का मेले ते कळत नाही. लांबीवर लाखेचा लेप देऊन पाणी आणि शिसं यांची गाठ पडू नये असे प्रयोग झाले. टाकी रिकामी राहिली की लांबी वाळते, तडकते, पुन्हा पाणी भरलं की गळते. अँगलच्या लोखंडी चौकटीतल्या टाक्या आपल्याकडेही होत्या. ज्यांनी त्या पाहिल्यात त्यांना कोपऱ्यातून उतरणारा गंजाचा तांबडा ओघळ आठवेल.

ही पद्धत शंभरेक वर्षं टिकली, हे नवलच म्हणायचं.

१९६० च्या दशकात सिलिकॉन सीलंट आलं आणि चौकट गेली. सिलिकॉन काचेला खरोखर चिकटतं. वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो त्यातून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा. वाळल्यावर ते रबरासारखं लवचीक राहतं. पाच काचा, एक नळी आणि चिकटपट्टी एवढ्यावर घरच्या घरी टाकी उभी राहू लागली. मुंबईत कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटात मासे विकणाऱ्यांकडे आज दिसतात त्या बहुतेक टाक्या याच पद्धतीच्या. सिलिकॉनचा एक गुण आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो : ते कापून काढता येतं. गळती लागली तर टाकी रिकामी करा, ब्लेडने जुनं सिलिकॉन खरवडून काढा, काच पुसा, नवं भरा. जुन्यावर मात्र नवं नीट धरत नाही, म्हणून थिगळ लावून भागत नाही. पण सांधा उघडता येतो आणि पुन्हा घालता येतो.

आता ॲक्रिलिककडे येऊ. जर्मनीत डार्मश्टाटला ऑटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास हे नाव नोंदवलं. त्याच दशकात ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीने पर्स्पेक्स बाजारात आणलं. पदार्थ तोच : पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, आणि प्रकाश सुमारे ९२ टक्के आरपार जातो. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकावरची पारदर्शक छत्री याचीच असे. (जाता जाता : त्या छत्रीचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले तरी डोळा ते सोसतो, हे हॅरल्ड रिडले या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि १९४९ मध्ये लंडनला त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पर्स्पेक्सचं भिंग बसवलं. आज आपल्या आजीआजोबांच्या डोळ्यात जी लेन्स असते तिची सुरुवात ही.)

ॲक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही. म्हणून इथे सांध्याची सगळी कल्पनाच बदलली. पाण्यासारखा पातळ द्रावक, बहुतेकदा डायक्लोरोमिथेन, सुई लावलेल्या बाटलीतून दोन तुकड्यांच्या फटीत सोडतात. केशाकर्षणाने तो आपसूक फटभर पसरतो. दोन्ही बाजूंचं ॲक्रिलिक विरघळून मऊ होतं, इकडच्या लांब साखळ्या तिकडच्या साखळ्यांत गुंततात, मग द्रावक उडून जातो. मागे उरतं फक्त ॲक्रिलिक. लोक याला गोंद म्हणतात, बाटलीवरही तसंच लिहिलेलं असतं, पण हे वेल्डिंगच्या जवळचं काम आहे. आपल्याकडे नेमप्लेटा आणि ट्रॉफ्या करणारे कारागीर हेच काम क्लोरोफॉर्मने करतात. तोच क्लोरोफॉर्म, जो १८४७ मध्ये एडिंबरात सिम्प्सन यांनी बाळंतपणातल्या वेदनांवर वापरला होता.

या कामाची जी हातोटी आहे ती इतिहासात सहसा नोंदली जात नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. कड सरळ हवी. करवतीच्या खुणा तासून काढायच्या, पण ज्योत फिरवून कड चकचकीत करायची नाही. ज्योतीने किंवा लेझरने कापताना कडेत ताण साठतो, आणि द्रावक लागला की त्या ताणातून केसासारख्या बारीक चिरा पडतात. अनुभवी माणूस जोडायच्या दोन तुकड्यांमध्ये बारीक टाचण्या ठेवतो, द्रावक सोडतो, मिनिटभराच्या आत टाचण्या ओढून घेतो आणि मऊ झालेल्या कडा वरच्या तुकड्याच्या वजनाने एकमेकींत बसतात. सांध्यात बुडबुडा राहिला तर ती कच्ची जागा. फट नीट जुळत नसेल तर ॲक्रिलिक विरघळवून घट्ट केलेला द्रावक वापरतात. मोठ्या कामाला दोन भागांचं मिश्रण, जे फटीतच कडक होऊन स्वतः ॲक्रिलिक बनतं. वेल्ड-ऑन या कंपनीचे ४, १६ आणि ४० हे आकडे हौशी मंडळींच्या तोंडी असतात, ते याच तीन प्रकारांचे.

हौशी मंडळी यात कशी आली? १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट या डच गृहस्थांनी अमेरिकेतल्या एका मत्स्यपालनाच्या मासिकात लेखमाला लिहिली. घरात प्रवाळ जगवता येतात, त्यासाठी टाकीखाली ठिबकणारा गाळक हवा, असं त्यांनी मांडलं. असे गाळक, पाण्याचा फेस करून घाण वेगळी काढणारे स्किमर, टाकीखालचे कप्प्याकप्प्यांचे संप ही उपकरणं महाग होती. मग लोकांनी ॲक्रिलिकचे पत्रे आणि नळ्या आणून ती गॅरेजात बनवली. समुद्री मत्स्यपालन सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं त्याचं बरंचसं श्रेय या गॅरेजांना द्यायला हवं. किंमतही होती : डायक्लोरोमिथेनचा वास बंद खोलीत घेणं धोक्याचं, शरीरात त्याचं काही अंशी कार्बन मोनॉक्साइड होतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली.

दुसरीकडे मोठी कामं सुरू झाली. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये केली टार्लटन या पाणबुड्याने सांडपाण्याच्या निकामी टाक्यांत मत्स्यालय उभारलं. ॲक्रिलिकचे जाड पत्रे भट्टीत तापवून साच्यावर वाकवले आणि पाण्याखालून चालत जाण्याचा बोगदा केला. जानेवारी १९८५ मध्ये तो उघडला, आणि काही आठवड्यांत टार्लटन वारले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते उघडलं तेव्हा तिथेही ॲक्रिलिकचा बोगदा आला, त्याचं कूळ इथलं. जपानमध्ये ओकिनावाच्या मत्स्यालयात २००२ साली ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर जाड खिडकी बसली. एवढा जाड पत्रा एकसंध नसतो. पातळ पत्रे एकावर एक जोडून तो बनवतात, म्हणजे आपण बघतो ती खिडकी आतून सांध्यांचीच आहे, फक्त ते दिसत नाहीत. मोठे तुकडे जागेवर जोडायचे तर फटीत द्रवरूप कच्चा माल ओततात, तो तिथेच घट्ट होतो, मग तंबूसारखं आवरण घालून सांधा तासन्‌तास तापवतात आणि सावकाश थंड करतात. ताण जावा म्हणून.

आणि मग बर्लिन. तिथल्या एका हॉटेलच्या दिवाणखान्यात ॲक्रिलिकचं सुमारे १४ मीटर उंच नळकांडं उभं होतं. आत १० लाख लिटर खारं पाणी, दीड हजारांच्या आसपास मासे, मधून लिफ्ट जायची. वक्र तुकडे जोडून ते उभारलेलं होतं. सुरुवातीचं गणित आठवा : दहा मीटर खोलीवर दर चौरस मीटरला दहा टन. नूतनीकरणासाठी ते रिकामं केलं होतं आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पुन्हा भरलं. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास ते फुटलं. पाणी दारं तोडून रस्त्यावर गेलं, जवळजवळ सगळे मासे मेले. दोन माणसं किरकोळ जखमी झाली. दिवसा वर्दळीच्या वेळी हे झालं असतं तर काय, याची कल्पना नको वाटते.

तज्ज्ञाचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात तीन शक्यता होत्या : चिकटवलेला सांधा सुटला, नूतनीकरणात तळाला खोक पडली आणि तिथून चीर वाढत गेली, किंवा टाकी रिकामी असताना ॲक्रिलिक वाळलं. तिसरं कारण ऐकून अनेकांना आश्चर्य वाटलं. पण ॲक्रिलिक पाणी पितं, वजनाच्या दोनेक टक्क्यांपर्यंत, आणि फुगतं. वाळलं की आकसतं, पृष्ठभागाशी ताण येतो. लांबीच्या टाकीला रिकामं राहणं सोसत नव्हतं हे आपण मघाशी पाहिलं. तीनपैकी नेमकं कोणतं कारण, हे तज्ज्ञांना ठामपणे ठरवता आलं नाही. आम्हाला यात खटकतं ते असं : काचेच्या टाकीचा सांधा दिसतो, दाबून बघता येतो, वीसेक वर्षांनी बदलता येतो. ॲक्रिलिकचा सांधा पत्र्यात विरून जातो, हेच त्याचं कौतुक. पण म्हणूनच तो उघडून तपासता येत नाही, आणि त्याचं वय कोणी मोजत नाही. नळकांडं पुन्हा न उभारण्याचं मालकांनी ठरवलं.

आता प्रश्न घेऊ. एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : घरच्या ॲक्रिलिकच्या संपला कोपऱ्यात चीर आहे, बाहेरून सिलिकॉन लावलं तर चालेल का? नाही चालणार, ते महिन्या-दोन महिन्यांत साल निघाल्यासारखं सुटेल. संप रिकामा करून कोरडा करा. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. मग आतल्या बाजूने त्याच जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा, चिरेच्या चहूबाजूंना चार-पाच सेंटिमीटर पुढे जाईल एवढा, द्रावकाने जोडा. पाणी त्या तुकड्याला भिंतीकडेच दाबत राहील. खिडक्या उघड्या ठेवा. दोन दिवस वाळू द्या, मग बादलीभर पाणी घालून, खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर पुढचं पाणी भरा.