जळगावचा भुईमूग

जळगाव शहरातील तेलबिया संशोधन केंद्राने निवड पद्धतीने ‘जेएल-२४’ अर्थात ‘फुले प्रगती’ हे भुईमुगाचे वाण तयार केले. ते उपट्या प्रकारचे, सुमारे १०० दिवसांत काढणीला येणारे. पाऊस लवकर आटोपणाऱ्या खानदेशात हा कमी कालावधीच सर्वांत मोलाचा ठरला. केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे; विद्यापीठाची स्थापना १९६८ची. विद्यापीठाचे संशोधन मेळावे, शिवारफेऱ्या आणि शेतावरच्या प्रात्यक्षिकांतून गावोगाव पोचते. पाल आणि ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रेही हेच काम करतात. शेजारच्या वावरातले उभे पीक पाहिल्यावरच शेतकरी वाण बदलतो, म्हणून प्रात्यक्षिकाला तोड नाही. जेएल-२४ पुढे आफ्रिकेतही गेले: मलावीत ‘काकोमा’, झांबियात ‘लुएना’ या नावांनी ते प्रसारित झाले.