वेष्टनावर विठोबा, आत प्रल्हाद शिंदे

१/ सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा ही संत चोखामेळ्यांची भूमी. पंढरपूर तेथून जवळच. परंतु विठ्ठलमंदिराचे दार चोखोबांना बंद होते. त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. गायक प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचे घराणे याच मंगळवेढ्याचे.

२/ मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि त्यानंतर ते मंदिर दलितांसाठी खुले झाले. शिंदे तेव्हा कुमारवयात होते. ज्या विठ्ठलाची गाणी पुढे त्यांच्या कंठाने घरोघरी नेली, त्याचे दार त्यांच्या हयातीत उघडले.

३/ आरंभीची त्यांची ओळख कव्वालीची. समोरासमोर दोन पार्ट्या, रात्रभर चालणारे सवाल-जवाब आणि गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा खडा आवाज. भीमजयंतीच्या मंचावरून त्याच आवाजात भीमगीतेही घुमली.

४/ ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे पाकीट साधे कागदी असे. मधल्या गोल भोकातून लेबलावरचे गायकाचे नाव वाचायचे, एवढेच. पुढे ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांबरोबर रंगीत चित्रांची पाकिटे रुळली.

५/ १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटने बाजार पालटला. टेपरेकॉर्डर चहाच्या टपरीवर, टॅक्सीत, जत्रेच्या दुकानात पोहोचला आणि त्यासोबत शिंदे यांची भक्तिगीतेही. कारकिर्दीच्या उत्तरार्धाला या तंत्राने नवा श्रोता दिला.

६/ कॅसेटचे वेष्टन तळहाताएवढे. भक्तिगीतांवर ठळक चित्र बहुधा दैवताचे, भीमगीतांवर बाबासाहेबांचे. दुकानातले कप्पे वेगळे, गिऱ्हाइकेही बहुधा वेगळी. आवाज मात्र एकच.

७/ ही सरमिसळ केवळ गायकापुरती नव्हती. गणेशोत्सवात आजही वाजणारे ‘तूच सुखकर्ता’ हे गीत हरेंद्र जाधव यांचे. त्यांनीही विपुल भीमगीते लिहिली आणि ते गायले शिंदे यांनी. मंडपात त्यावर ताल धरणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते?

८/ २३ जून २००४ रोजी शिंदे यांचे निधन झाले. आनंद, मिलिंद आणि नातू आदर्श यांनी गायकीचा वारसा चालवला. इतिहासाच्या अभ्यासकाने गाण्याइतकेच वेष्टनही वाचावे. चित्र कोणाचे आहे, नाव किती लहान अक्षरांत आहे, हे पाहावे. चोखोबांना दाराबाहेर उभे राहावे लागले. त्यांच्या गावचा आवाज देवघरात पोहोचला, पण देवाच्या चित्राआडून.